सहामाहीचा निकाल आणि कबड्डीचा तक्ता

मंडळी, प्रो कबड्डीचा हंगाम निम्म्यावर आला की मला हमखास दोन फोन येतात. एक पुण्याच्या भाच्याचा : "मावशी, यंदा पलटणच ना?" दुसरा मुंबईच्या पुतण्याचा : "काकू, यू मुंबाचं काही खरं आहे का?" दोघांनीही गुणतक्ता पाहिलेलाच असतो. त्यांना माझं मत नको असतं, होकार हवा असतो. आणि हंगाम चालू असताना काहीही सांगितलं तरी ज्याचा संघ खाली असतो तो रुसतो. म्हणून डोकं थंड असतानाच हे सगळं एकदा लिहून ठेवते आहे.

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईचा कबड्डीशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. संबंध असा की शाळेच्या तालुका स्पर्धांमध्ये पी.टी.चे सर पंच असायचे आणि गुणलेखनाला माणूस मिळायचा नाही. माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे! चुन्याच्या रेघांच्या बाजूला खुर्ची टाकून मी किती चढाया आणि किती पकडी लिहिल्या त्याची गणती नाही. आमच्या लहानपणी ह्या खेळाला हुतुतू म्हणायचे आणि तो मातीत व्हायचा. आता मॅटवर होतो, दिव्यांच्या झगमगाटात. पण गुण लिहिणाऱ्याची नजर तीच राहते. निवृत्तीनंतर चिकलठाण्यात संध्याकाळी टीव्हीसमोर बसते तेव्हाही मांडीवर वही असते. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला विमानतळ. विमान नेमकं तिसऱ्या चढाईच्या वेळी उतरतं आणि समालोचकाचं काहीही ऐकू येत नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही. :-)

तर मुद्दा असा. शाळेत सहामाहीचा निकाल लागला की पालक विचारायचे, "कितवा आला?" मी म्हणायचे, तो कितवा आला हे वार्षिक परीक्षेनंतर विचारा. आज विचारा की तो कुठे अडला. सहामाही त्यासाठीच असते. निम्म्या हंगामाच्या गुणतक्त्याचंही माझ्या मते तसंच आहे. वरून कितवा संघ, हे त्यात सगळ्यात ठळक दिसतं आणि सगळ्यात कमी उपयोगाचं असतं.

आधी तक्ता बनतो कसा ते पाहू. अकराव्या हंगामापर्यंत, म्हणजे २०२४पर्यंत, विजयाला ५ गुण, बरोबरीला ३, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तरी १ गुण मिळायचा. हा शेवटचा एक गुण मोठा फसवा. सात सामने थोडक्यात हरणाऱ्याच्या खात्यात ७ गुण आणि एक सामना जिंकणाऱ्याच्या खात्यात ५! त्यामुळे मध्यावर तक्त्यात वर दिसणारा एखादा संघ खरं तर 'बरा हरणारा' असायचा. २०२५च्या बाराव्या हंगामात हे बदललं : विजयाला २, पराभवाला शून्य, आणि बरोबरी झाली तर तिथल्या तिथे निकाल. साखळी सामनेही प्रत्येकी २२ वरून १८ वर आले. तक्ता सरळ झाला, पण त्यातून आधी दिसायचं तेही थोडं झाकलं गेलं. एका गुणाने हरलेला आणि वीस गुणांनी हरलेला, दोघंही शून्यच. म्हणून आता गुणफरकाचा रकाना जास्त बारकाईने बघावा लागतो.

शिवाय मध्यावर सगळ्यांचे सामने सारखे झालेले नसतात. एकाचे दहा, दुसऱ्याचे बारा. त्यामुळे गुणांआधी 'सामने' हा रकाना वाचावा. वर्गात पंधरा दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाची रोज आलेल्याशी तुलना करू नये, तसंच हे.

एवढं झाल्यावर मी वहीत तीन गोष्टी बघते.

पहिली : मुख्य चढाईपटू बाकावर असताना संघ काय करतो?

कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाहेर जाऊन बसतो आणि आपल्या संघाने गुण मिळवला की क्रमाने आत येतो. त्यामुळे समोरचा संघ शहाणा असेल तर मोठ्या चढाईपटूला एकदा पकडतो आणि मग उरलेल्यांना गुणच मिळू देत नाही. तो आपला बाहेर बसून बोटं मोडत असतो. अशा वेळी दुसरा आणि तिसरा चढाईपटू काय करतो, यावर त्या संघाची खरी ताकद कळते. सामन्यात हे पाच-सहा मिनिटांपुरतं असतं, दुखापत झाली की महिन्या-दोन महिन्यांचं होतं.

दोन उदाहरणं देते. २०१९चा सातवा हंगाम. बंगाल वॉरियर्सचा कर्णधार मणिंदर सिंग दुखापतीमुळे अंतिम सामन्यात खेळू शकला नाही. समोर साखळीत पहिली आलेली दबंग दिल्ली आणि तिचा नवीन कुमार. त्या दिवशी नवीनने एकट्याने १८ गुण घेतले, तरी बंगाल ३९-३४ असा जिंकला. इराणचा मोहम्मद नबीबक्ष त्या दिवशी त्यांचा कर्णधार होता.

दुसरं २०२२चं, नवव्या हंगामातलं. तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख रुपये मोजून घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली. संपूर्ण हंगाम गेला! सगळ्यांनी त्यांच्या नावावर काट मारली. पण नरेंदर नावाचा नवखा मुलगा आणि आपल्या महाराष्ट्राचा अजिंक्य पवार यांनी चढायांचा भार उचलला आणि तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथे पुणेरी पलटणकडून ३९-३७ असा, अवघ्या दोन गुणांनी हरला. पवनला दुखापत झालीच नसती तर काय झालं असतं, कोण जाणे. पण नरेंदर आपल्याला इतक्या लवकर कळला नसता, हे नक्की.

दुसरी गोष्ट : मैदानात तिघे किंवा त्याहून कमी उरले की पकड कशी होते?

नियम असा की बचावात तीन किंवा कमी खेळाडू असताना पकड केली तर एक गुण जास्त मिळतो. यालाच सुपर टॅकल म्हणतात. पण त्या जादा गुणापेक्षा मला वाटतं महत्त्वाचं हे की लोण टळतो. लोण बसला की समोरच्याला दोन गुण वेगळे, आणि धीर खचतो तो वेगळाच. ज्या संघाचे दोन-तीन खेळाडू उरल्यावरही घाबरत नाहीत, एकमेकांकडे बघून थांबतात, घाईने पाय धरायला धावत नाहीत, त्या संघाला मी मध्यावरच वहीत खूण करते.

२०२४च्या अकराव्या हंगामात हरयाणा स्टीलर्सच्या नावापुढे अशी खूण होती. त्या वर्षी सगळीकडे चर्चा पाटणा पायरेट्सच्या देवांकची. हंगामात त्याने चढाईचे तीनशेच्या वर गुण मिळवले. हरयाणाकडे तेवढा मोठा चढाईपटू नव्हता, पण पकडी होत्या. २९ डिसेंबरला पुण्यात बालेवाडीला अंतिम सामना झाला आणि पाटणा २३ गुणांवरच अडकला. हरयाणा ३२-२३ ने विजयी. त्यांच्याकडून सर्वांत जास्त गुण कुणाचे? आपल्या महाराष्ट्राच्या शिवम पटारेचे. मोठ्या नावांच्या गर्दीत हंगामाच्या मध्यावर त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं.

तिसरी गोष्ट : शेवटची पाच मिनिटं. किती सामने थोडक्यात जिंकले आणि किती थोडक्यात हरले, हे मी वेगळं लिहिते. आठव्या हंगामाचा अंतिम सामना, फेब्रुवारी २०२२ : दिल्ली ३७, पाटणा ३६. एका गुणाचं विजेतेपद! पाटणा साखळीत पहिला होता. तक्त्यात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातलं अंतर भरपूर होतं, मॅटवर ते एका पावलाचं ठरलं.

आता कुणी म्हणेल, काकू, तुमच्या ह्या तीन गोष्टी दरवेळी लागू पडतात का? मुळीच नाही. २०१७ साली पाटण्याने एकट्या प्रदीप नरवालच्या खांद्यावर बसून विजेतेपद नेलं. हंगामात चढाईचे ३६९ गुण! अंतिम सामन्यात गुजरातचा बचाव स्पर्धेतल्या उत्तम बचावांपैकी एक, तरीही निकाल ५५-३८. माझ्या वहीतला हिशोब त्या रात्री निमूट मिटून बसला. शंभरात एखादं पोर असं असतंच, ज्याला कुठलीच फूटपट्टी लागत नाही. पण म्हणून बाकी नव्व्याण्णवांची मोजणी चुकीची ठरत नाही. आणि शेवटच्या तक्त्यालाही मी कमी लेखत नाही. २०२२मध्ये जयपूर, दहाव्या हंगामात पुणेरी पलटण आणि २०२४मध्ये हरयाणा, हे सलग तीन विजेते साखळीत पहिलेच आलेले होते. माझा आक्षेप आहे तो निम्म्या वाटेवरचा तक्ता शेवटचा म्हणून वाचण्याला.

न्यू जर्सीला माझ्या बहिणीचा नातू असतो. तो बास्केटबॉलवेडा. तिकडच्या एनबीएमध्ये ३० संघ आणि प्रत्येकाचे ८२ सामने (ऐकूनच दमायला होतं!). तो सांगतो, आजी, आमच्याकडेही मध्यावर याद्या निघतात, कोण दावेदार आणि कोण नुसतेच वर दिसणारे. १९९५ साली ह्यूस्टन रॉकेट्स आपल्या विभागात सहावे आले आणि विजेते झाले. २०१६ साली गोल्डन स्टेट वॉरियर्स ८२ पैकी ७३ सामने जिंकले, अंतिम फेरीत ३-१ असे पुढे गेले आणि तरी क्लीव्हलँडकडून ४-३ ने हरले.

त्याच्याशी बोलताना मला एक मोठा फरक जाणवला. त्यांच्याकडे अंतिम फेरी सात सामन्यांची. एक दिवस वाईट गेला तर दुसरा आहे. आपल्या कबड्डीत अंतिम सामना एकच, चाळीस मिनिटांचा. म्हणजे सगळा हंगाम सहामाही आणि घटक चाचण्या, आणि वार्षिक परीक्षा एका संध्याकाळची. अशा स्पर्धेत मध्यावर विचारायचा प्रश्न "पहिला कोण येईल?" हा नसून "शेवटच्या आठवड्यात कुणाचे आठ-दहा खेळाडू धडधाकट उभे असतील?" हा आहे.

आता आपल्या दोन संघांकडे वळते, नाहीतर दोन्ही फोन पुन्हा येतील.

यू मुंबा हा पहिल्या तीन हंगामांचा राजा. २०१४, २०१५ आणि २०१६ साली सलग तीन अंतिम सामने, अनुप कुमार कर्णधार. त्यातला २०१५चा बंगळुरू बुल्सविरुद्धचा ३६-३० असा जिंकला, बाकी दोन हरले. अनुप कुमारला बघणं म्हणजे एखाद्या जुन्या मुख्याध्यापकांना बघणं. आवाज नाही, धावपळ नाही, पण वर्ग शांत. त्यानंतर बाराव्या हंगामापर्यंत यू मुंबा अंतिम सामन्यात पोचलेला नाही. २०२४मध्ये बाद फेरीत आला आणि पाटण्याकडून ३१-२३ असा हरून बाहेर पडला. मध्यावर तो अनेकदा बरा दिसतो. पण माझ्या पहिल्या रकान्यात, मोठा खेळाडू बाहेर बसल्यावर, त्याचे गुण आटतात. पुतण्याने रागावू नये. दुखतं तिथेच बोट ठेवावं लागतं.

पुणेरी पलटणची गोष्ट वेगळी. तिने 'युवा पलटण' म्हणून मुलं लहान वयात घेऊन घडवली. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे. हे दोघं २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. त्यानंतरचा दहावा हंगाम पलटणने जणू पाठ करून आल्यासारखा खेळला. २२ पैकी १७ विजय, ३ बरोबरी आणि फक्त २ पराभव, एकूण ९६ गुण. १ मार्च २०२४ला हैदराबादला हरयाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले तेव्हा मी वही सोडून टाळ्या वाजवल्या. गुणलेखकाला हे शोभत नाही, माहीत आहे.

पण खरी परीक्षा पुढच्याच वर्षी झाली. इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शाडलू पलटण सोडून हरयाणाकडे गेला होता. तरी २०२४च्या ऑक्टोबरात पलटणची सुरुवात झोकात झाली आणि भाचा फोनवर विजेतेपदाच्या गोष्टी करू लागला. नोव्हेंबरात अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो उरलेल्या हंगामाला मुकला. गतविजेती पलटण शेवटी आठव्या क्रमांकावर! तक्ता खोटा नव्हता. त्यात गुडघा लिहायला रकाना नव्हता, इतकंच.

आणि मला आवडलं ते त्यापुढचं. २०२५मध्ये पलटण पुन्हा उभी राहिली. साखळीत दिल्ली आणि पलटण दोघांचेही २६ गुण, म्हणजे १८ पैकी १३ विजय. पहिल्या पात्रता सामन्यात बरोबरीनंतर निकाल दिल्लीकडे झुकला, पण पलटण दुसऱ्या वाटेने अंतिम सामन्यात पोचली. त्या वाटेवर आदित्य शिंदे नावाचा पोरगेलासा चढाईपटू असा काही खेळला की भाच्याला अस्लमची आठवण काढायला उसंत मिळाली नाही. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दिल्ली ३१, पुणेरी २८. हरले. पण चार हंगामांत तीन अंतिम सामने, तेही दरवेळी वेगळा मुलगा पुढे येऊन. माझ्या लेखी दावेदार म्हणतात तो हा. एखाद्या वर्षी आठवा आला तरी.

हे सगळं एवढ्या तपशिलाने लिहिण्याला एक कारण आहे. याच पुण्याच्या भाच्याचा मुलगा नववीत आहे. शाळेच्या संघात डावा कोपरा सांभाळतो. सहामाहीत त्याला गणितात फार कमी गुण पडले आणि भाच्याने जाहीर केलं, "मावशी, उद्यापासून सराव बंद." पोराने दोन दिवस धड जेवण केलं नाही. शेवटी त्याच्या आईने मला फोन केला.

मी भाच्याला म्हटलं, आधी उत्तरपत्रिका समोर घे आणि एकेक गणित वाचून दाखव. अर्ध्या तासात दिसलं की बीजगणित ठीक होतं आणि भूमितीत पोरगा पहिल्या प्रमेयापाशीच अडला होता. त्या आठवड्यात तो स्पर्धेला बाहेरगावी होता आणि बुडालेला धडा नंतर कुणी करून घेतला नाही. म्हटलं, हा गुणांचा प्रश्न नाही, बुडलेल्या दिवसांचा आहे. 'सामने' हा रकाना आधी वाचायचा असतो, हे तुला कबड्डीत कळतं आणि घरात कळत नाही होय?

पण भाच्याची बाजूही मी समजून घेतली. त्याच्या रागामागे भीती होती. लिलावात कोटी-कोटीचे आकडे ऐकून पोरांना वाटतं, आपलंही होईल. संघ १२, एकेका संघात फार तर २५ खेळाडू, आणि खेळणारी मुलं गावोगाव. त्यातही भारताकडून खेळलेल्या अस्लमचा हंगाम एका गुडघ्याने संपतो, तर नववीतल्या पोराची काय कथा? भाचा म्हणाला, "मावशी, उद्या याचा गुडघा गेला तर हातात काय उरेल?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की बाकावर दुसरा चढाईपटू तयार ठेव. गणित हा त्याचा दुसरा चढाईपटू आहे. पण म्हणून पहिल्याला आत्ताच बाहेर बसवू नकोस.

वार्षिक परीक्षेपर्यंत सराव आठवड्यातून चार दिवस आणि उरलेल्या दिवशी रात्री फोनवर माझ्याकडे भूमिती, असं ठरलं आहे. बी.ए. मराठीवाली बाई भूमिती शिकवणार म्हटल्यावर घरात सगळे हसले. मी नववीचं पुस्तक मागवून घेतलं आहे आणि पोराच्या एक धडा पुढे आहे. कालच समांतर रेषांचे गुणधर्म झाले. पोराने विचारलं, "आजी, दोन्ही कोपरे सारखे उभे राहिले तर छेदिकेचे कोन बरोबर येतील ना?" त्याच्या डोक्यात मॅटच होतं. मी म्हटलं, येतील, पण सिद्धता लिही.